न्यू जर्सीचे ११ आणि आयडाहोचे १२

तुम्ही विचारलंत की अमेरिकेतल्या २००८ च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, हिलरी क्लिंटन आणि बराक ओबामा यांच्या धोरणांत एवढा फरक नव्हता, मग अनुभवी हिलरी हरल्या कशा? 'ओबामांची भाषणं' हे नेहमीचं उत्तर मला पटत नाही.

मोठे फरक दोनच होते. इराक युद्धाच्या ठरावाला ऑक्टोबर २००२ मध्ये हिलरींनी सिनेटमध्ये होकार दिला. त्याच महिन्यात ओबामांनी शिकागोच्या सभेत उघड विरोध केला. दुसरा फरक आरोग्यविम्याचा. हिलरींना विमा सगळ्यांना सक्तीचा हवा होता, ओबामांना सक्ती फक्त मुलांपुरती. यात मी तेव्हाही हिलरींच्या बाजूचा होतो, आजही आहे. धडधाकट माणसं बाहेर राहिली की हप्त्याचा सगळा बोजा आजाऱ्यांवर पडतो. २०१० मध्ये ओबामांनीच सही केलेल्या कायद्यात अखेर सक्ती आली.

पण निकाल लावला मोजणीने. या पक्षात राज्य जिंकलं म्हणून तिथले सगळे डेलिगेट, म्हणजे उमेदवार निवडणारे प्रतिनिधी, पदरात पडत नाहीत. किमान १५ टक्के मतं मिळवणाऱ्यांत ते प्रमाणात वाटले जातात. ५ फेब्रुवारीच्या सुपर ट्यूसडेला, म्हणजे एकाच दिवशी अनेक राज्यांत मतदान झालं तेव्हा, मी न्यू जर्सीतल्या एडिसनला राहत होतो. मला मताधिकार नव्हता, पण शेजारच्या गुजराती काकांना मी गाडीने केंद्रावर सोडलं. रात्री न्यू जर्सी हिलरींनी ५४-४४ अशी जिंकली आणि काका पेढे घेऊन आले. अकरा लाखांवर मतं पडली होती, डेलिगेट ५९ विरुद्ध ४८. आघाडी ११ ची.

त्याच रात्री आयडाहो या छोट्या राज्याच्या कॉकसला, म्हणजे प्रायमरीऐवजी उमेदवार निवडायच्या पक्षाच्या सभांना, जेमतेम २१ हजार लोक आले. ओबामांना १५ डेलिगेट, हिलरींना ३. आघाडी १२! आमच्या घरात त्या रात्री आयडाहोचं नावही कुणी काढलं नाही. ओबामा मात्र तीनच दिवस आधी आयडाहोच्या राजधानीत, बॉयझीत, सभा घेऊन गेले होते.

कॉकस म्हणजे ठरलेल्या वेळी स्वतः जाऊन तास-दोन तास थांबायचं. रात्रपाळीच्या नर्सला किंवा म्हाताऱ्या माणसाला ते जमत नाही, आणि हिलरींचा पाठिंबा अशाच मतदारांत होता. हा प्रकार मला आजही अन्यायाचा वाटतो. पण नियम दोघांनाही आधीपासून माहीत होते. ओबामांच्या माणसांनी त्या छोट्या राज्यांत वेळेवर कार्यालयं उघडली, हिलरींची भिस्त मोठ्या राज्यांवर राहिली. मार्चमध्ये टेक्सासची प्रायमरी हिलरींनी जिंकली, तरी त्याच दिवशीच्या कॉकसमुळे तिथले जास्त डेलिगेट ओबामांकडेच गेले.