सिम्पसन्स, फॅमिली गाय आणि साउथ पार्क या अमेरिकी कार्टून मालिकांपैकी सर्वांत जास्त कोणती मालिका घसरली?

माझ्या मते फॅमिली गाय. सिम्पसन्सची उंची मोठी होती म्हणून तिची पडझड जास्त जाणवते, इतकंच.

१९८९ मध्ये सुरू झालेल्या सिम्पसन्सचा होमर आधी आळशी आणि खादाड होता, पण घरच्यांवर जीव टाकणारा बाप होता. पुढे तो नुसताच आचरट झाला. १९९७ च्या एका भागात मुख्याध्यापक स्किनर हा मुळात तोतया असल्याचं दाखवलं, तेव्हापासून बरेच जुने चाहते बिथरले. तरी अधूनमधून एखादा भाग अजूनही चांगला निघतो.

फॅमिली गायचं दुखणं मुळातच आहे. गोष्ट मध्येच थांबवून भलताच विनोद घुसडायचा, हीच तिची खासियत. पहिली काही वर्षं ते धमाल वाटलं. २००२ मध्ये बंद पडलेली मालिका डीव्हीडीची विक्री आणि पुनःप्रसारणाच्या जोरावर २००५ मध्ये परतलीसुद्धा. पण पात्रांनाच वजन नसेल तर वीस वर्षं कशावर ओढणार? २०१३ मध्ये ब्रायन कुत्र्याला मारलं आणि काही आठवड्यांतच परत आणलं. मग कशाला हळहळायचं?

साउथ पार्कचा भाग बहुतेकदा आठवड्याभरात तयार होतो, त्यामुळे विषय ताजे राहतात. शिवाय ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन या तिच्या निर्मात्यांनी सूत्रं सोडलेली नाहीत. त्यातल्या रँडी या पात्राचं गांजाचं शेत मात्र फार ताणलं राव!

नव्याने बघणार असाल तर सिम्पसन्सचे तिसरा ते आठवा हे सीझन आधी घ्या.