धंदा सांभाळून गाणं शिकणाऱ्यास

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. आठ महिने झाले तरी गुरुजी भूप रागच गाऊन घेतात, आणि मैफल करायचीच नाही तर धंद्यातला वेळ यात का घालायचा, असं विचारतोस. पहिल्या वर्षी मीही हाच हिशेब मांडायचो, इतके महिने, इतके राग. माझ्या गुरुजींनी त्यावर तानपुरा पुढ्यात सरकवला आणि म्हणाले, "सा लाव."

भूप आणि देशकार यांचे स्वर तेच पाच. गंधारावर विसावलास तर भूप, धैवत बळावला की देशकार. हे कागदावर एका ओळीत मावतं, गळ्यात उतरायला आठ महिने थोडेच आहेत.

गुलूभाई जसदनवाला मुंबईचे व्यापारी, जयपूर गायकीचे प्रवर्तक अल्लादियाखाँसाहेब यांचे शागीर्द. खाँसाहेब कोल्हापूर दरबारचे गायक. १९२२ साली शाहू महाराज गेले, त्यानंतर खाँसाहेब कोल्हापुरातून मुंबईला आले आणि १९४६ साली तिथंच वारले. त्यांच्याकडच्या बंदिशी आणि अनवट राग गुलूभाईंनी जिवापाड जपले. पुढे जितेंद्र अभिषेकी, रत्नाकर पै यांच्यासारखे गवई त्यांच्यापुढे शिकायला बसले. एका व्यापाऱ्यापुढे! हे आठवलं की मला अजून गलबलून येतं.

मैफलीत गाणाऱ्याला रंगेल तेच निवडावं लागतं. तुझ्यावर ती सक्ती नाही. तेव्हा गुरुजी देतील ते सगळं घे. दोन राग मिसळून केलेला जोडराग घे, अवघड अंतरा घे, कुणी कधी फर्माईश करणार नाही अशी चीजही घे.

तालमीचं रेकॉर्डिंग खुशाल कर, पण घरी आल्यावर ते लावण्याआधी बंदिश स्वतः म्हणून बघ. जिथं अडशील तिथं खूण कर आणि मग ऐक. जयपूर गायकीची वळणं घेत समेवर येणारी तान कानाला कळल्यासारखी वाटते, गळा मात्र ऐन वेळी दगा देतो.

मार्चअखेर असो की माल अडकलेला असो, सकाळचा खर्ज, म्हणजे खालच्या स्वरांचा रियाज, सोडू नकोस. एका मंदीत मी चार महिने तालीम बंद ठेवली होती. परत गेलो तेव्हा गुरुजी रागावले नाहीत, पण पूर्वी सहज लागणारा मंद्र पंचम काही केल्या लागेना. तो परत यायला वर्ष गेलं.

रविवारी येशील तेव्हा भूपच ऐकव. गंधारावर घाई करू नकोस, मला वेळ आहे.

तुझा,
काका