पाचट विकावं की रानात ठेवावं?

प्रश्न : दूधगंगेकाठी दोन एकर ऊस आहे. लागणीची तोड झाली, आता खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडातून पुन्हा फुटणारं पीक) धरायचाय. पाचटाचे (उसाच्या वाळक्या पानांचे) गठ्ठे बांधून बॉयलरला जळण म्हणून पुरवणारे मशीनवाले विचारायला येतात. नाहीतरी आम्ही दरवर्षी पेटवतोच, मग विकलं तर काय बिघडलं?
*– एक वाचक, निपाणी तालुका*

उत्तर : पेटवण्यापेक्षा विकलेलं केव्हाही बरं. पण खोडवा धरणार असाल तर विकू नका.

एकरी ३ ते ४ टन पाचट निघतं. टनामागे त्यात सुमारे ५ किलो नत्र असतं, पालाश (पोटॅश) त्याहून जास्त. पेटवलं की नत्र आणि कर्ब धुरात जातो. गठ्ठे दिले की पालाशही रानाबाहेर. गंमत म्हणजे हाच पालाश बॉयलरला नकोसा असतो. त्यानं राख कमी उष्णतेला वितळते आणि नळ्यांवर खडे धरतात. म्हणून पाचट बगॅसमध्ये (कारखान्यात रस काढून उरलेल्या चोथ्यात) थोडं थोडंच मिसळून जाळतात.

तोड झाली की बुडखे धारदार कोयत्यानं जमिनीलगत छाटा. उंच राहिले तर कोंब वरच्या डोळ्यांतून फुटतो, त्याला मुळी धरत नाही आणि तो मरतो. पाचट सरीत ओढून बुडखे उघडे ठेवा. टनाला ८ किलो युरिया आणि १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट पसरा. पाचट कुजवणारं जिवाणू खत टनाला १ किलो घ्या, ते शेणखतात कालवून वेगळं टाका. युरियाबरोबर एकाच घमेल्यात कालवलं तर जिवाणू मरतात. मग पाणी द्या. युरिया चुकवू नका. पाचटात कर्ब भरपूर, नत्र तुटपुंजं; कुजवणारे जिवाणू जमिनीतलं नत्र ओढतात आणि फुटवा पिवळा पडतो. पुढची खतं पाचटावर फेकू नका, बुडख्यापासून वीतभर अंतरावर पहारीनं भोकं पाडून द्या.

तुमचं रान नदीकाठचं काळं असेल, पाणी साचत असेल, तर सगळ्या सऱ्या भरू नका. ओल हटत नाही, कोंब कुजतात. आड एक सरी भरा, उरलेलं खुशाल विका. शेवटचा खोडवा मोडतानाही विकता येईल. मात्र पाचट चार-पाच दिवस उन्हात वाळू द्या. ओला गठ्ठा आतून तापतो आणि गंजी पेटते. गोळा करणारा रेक जमिनीला घासू देऊ नका. माती आली की राख वाढते, माल परत येतो. वाफसा (चिखल जाऊन बेताची ओल) आल्याशिवाय ट्रॅक्टर आत घालू देऊ नका, नाहीतर जमीन दबते.

प्रश्न : गुऱ्हाळाच्या चुलवाणाला स्वतःचं चिपाड (रस काढून उरलेला ऊस) पुरत नाही, लाकूड आणावं लागतं. उपाय?
*– एक वाचक, चिक्कोडी तालुका*

उत्तर : ताज्या चिपाडात जवळजवळ निम्मं पाणी असतं, बरीचशी उष्णता ते उडवण्यातच जाते. पातळ पसरून कडकडीत वाळवा, पावसाळी हवेत झाकून ठेवा. चुलवाणात एकदम भारा कोंबू नका, मूठमूठ सतत घाला. धुराड्यातून काळा धूर येत असेल तर हवा कमी पडते आहे. आधी राख ओढून खालची वाट मोकळी करा.