फार्महाऊसमधल्या खाजगी मातीच्या बंधाऱ्याची सुरक्षितता कशी तपासावी?

त्र्यंबक रस्त्याला बोटिंगसाठी बांधलेला तुमचा बंधारा बाहेरून पाझरतोय, धोका आहे का, असं विचारलंय. पाझर प्रत्येक मातीच्या धरणाला थोडाफार असतोच. बघायचं ते पाणी. काचेच्या ग्लासात धरा. नितळ असेल तर दर आठवड्याला मोजमाप ठेवा. गढूळ असेल तर भरावातली माती आतून वाहून जातेय. तेव्हा बोटिंग बंद, खालच्या वस्तीला कळवा आणि इंजिनिअर येईपर्यंत पाणी हळूहळू उतरवा. एकदम उतरवलंत तर पाण्याच्या बाजूचा ओला उतार घसरतो.

मला जास्त काळजी सांडव्याची, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेची, वाटते. बोटीला पाणी पुरावं म्हणून लोक सांडव्यावर वाळूची पोती रचतात, मासे जाऊ नयेत म्हणून जाळी लावतात. जाळीत पालापाचोळा अडकतो, आणि पहिल्याच मोठ्या पावसात पाणी माथ्यावरून जातं. मातीचा भराव ते सोसत नाही. दोन्ही आजच काढा. भरावावरची बाभळीची रोपं, खेकड्यांची बिळंही बघा.

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागतो (१० ते १५ मीटरमधल्या काहींनाही), म्हणजे तुमचा बंधारा त्याहून लहान असेल तर तुमच्याकडे सरकारी तपासणी आपोआप येणार नाही. २०१९ मध्ये चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटलं, त्याआधी गावकऱ्यांनी गळतीच्या तक्रारी केल्या होत्या. जलसंपदा खात्यातून निवृत्त झालेले, मातीकामातले इंजिनिअर नाशकात सहज भेटतील. मे महिन्यातच दाखवून घ्या.