दीड लाखाचा क्लास लावू का?

प्रश्न : मी सातपूर एमआयडीसीतल्या एका कंपनीत आठ वर्षं सिस्टीम अॅडमिन आहे, स्विच, फायरवॉल, पासवर्ड, प्रिंटर सगळं माझ्याकडेच. आता सायबर सिक्युरिटीत जायचंय. एक क्लासवाले चार महिन्यात एथिकल हॅकर करतो म्हणतात, फी दीड लाख, जॉबची गॅरंटी. वय ३४, घराचा हप्ता चालू. पैसे भरू का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आत्ता नका भरू. जॉबची गॅरंटी क्लासवाल्याच्या हातात नसतेच. आणि तुमची आठ वर्षं म्हणजे अर्धा सिलॅबस आहे हो, टूल चालवणारे भरपूर मिळतात पण व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे वेगळे केलेले भाग) का पाडतात ते विचारलं की गप्प होतात.

जून २०१७ चं नॉटपेट्या, म्हणजे कॉम्प्युटर निकामी करणारं मालवेअर, आठवतंय का, ज्याने आपल्या जेएनपीटीतल्या एका टर्मिनलचं काम पण ठप्प झालं होतं? विंडोजच्या ज्या भोकातून ते शिरायचं त्याचा पॅच (भोक बुजवणारा अपडेट) मार्चमध्येच आला होता, तरी पॅच मारलेल्या मशीनसुद्धा गेल्या, कारण ते एका मशीनच्या मेमरीतून अॅडमिनचा पासवर्ड उचलायचं आणि तोच घेऊन पुढच्या मशीनवर जायचं. आता तुमच्याकडे बघा, सगळ्या पीसींना एकच लोकल अॅडमिन पासवर्ड (त्या त्या पीसीच्या मुख्य खात्याचा) आहे का? अकाउंट्सचा पीसी आणि शॉप फ्लोअरचं मशीन एकाच नेटवर्कमध्ये आहेत का? माझ्या मते ट्रेनिंग इथून सुरू होतं.

घरी १६ जीबी रॅमचा जुना पीसी असेल तर व्हर्च्युअलबॉक्स टाका (एकाच पीसीत अनेक कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर), त्यात पीएफसेन्स ही फायरवॉल, एक विंडोज (चाचणीची फुकट आवृत्ती), एक काली, म्हणजे हॅकिंगची टूल असलेलं लिनक्स. कालीवरून एनमॅप (नेटवर्क स्कॅन करणारं टूल) मारायचा आणि त्याच वेळी वायरशार्क (नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं टूल) उघडून बघायचं की पॅकेट कशी दिसतात, फायरवॉलच्या लॉगमध्ये (नोंदींमध्ये) काय उमटतं. मुद्दाम चुकीचे पासवर्ड टाकून विंडोजमध्ये ४६२५ नंबरचे इव्हेंट शोधा, मग बरोबर टाकून ४६२४. हे सगळं फुकट आहे, रोज तासभर दिलात तरी तीन महिन्यात नजर बसते.

सर्टिफिकेट हवंच, एचआरवाले तेच बघतात. तुम्हाला आधी सिक्युरिटी प्लस बरं पडेल, ९० मिनिटं, जास्तीत जास्त ९० प्रश्न, पासिंग ९०० पैकी ७५०. सीईएच (सर्टिफाइड एथिकल हॅकर) आपल्याकडच्या जाहिरातीत दिसतं, पण हातच बसलेला नसेल तर इंटरव्ह्यूत लगेच कळतं. ओएससीपी हे हॅकिंगचं अवघड सर्टिफिकेट नंतर, ती जवळजवळ २४ तासांची प्रॅक्टिकल परीक्षा आहे.

आणि एक, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि सायबर हल्ल्यासारखी घटना कळल्यापासून ६ तासात कळवावी लागते. तुमच्या फायरवॉलमध्ये किती दिवसांचे लॉग राहतात ते उद्याच बघा, कमी असतील तर साहेबांना लेखी कळवा, ते काम तुम्हीच अंगावर घ्या, बायोडेटात लिहिता येईल. फक्त कंपनीच्या नेटवर्कवर स्कॅन मारायचा असेल तर आधी साहेबांची परवानगी ईमेलवर घ्या, तोंडी चालणार नाही, परवानगी नसेल तर आयटी अॅक्टचं कलम ४३ आणि ६६ तुमच्यावरच लागू शकतं.