वाचक विचारतात : ‘मॅड’ आणि ‘एएमव्ही’

प्रश्न : अॅनिमेतली (जपानी अॅनिमेशनमधली) दृश्यं गाण्यावर जुळवून चाहते व्हिडिओ करतात. त्यांतल्या जपानी ‘मॅड’ आणि पाश्चात्त्य ‘एएमव्ही’ यांत फरक फक्त गाण्याचाच का? आणि माझे कट (एका दृश्यावरून दुसऱ्यावर जाण्याचे क्षण) तालावर का बसत नाहीत?

उत्तर : गाण्यामुळेच बांधणी बदलते. पाश्चात्त्य चाहत्यांनी २००० नंतर इंग्रजी रॉक-मेटल भरपूर वापरलं. तिथे कट ढोलाच्या ठोक्यावर पडतो. जपानी मॅडमध्ये अॅनिमेगीतं, जेपॉप (जपानी पॉप), व्होकलॉइड (संगणकी आवाजातली गाणी) जास्त. कित्येक मॅड मालिकेच्या शीर्षकगीतासारखे दीडेक मिनिटाचे असतात आणि सगळा जोर ‘साबी’वर, म्हणजे ध्रुवपदावर येतो. पडद्यावर उमटणारे शब्द हे त्यांचं खरं सौंदर्य!

तुमचे कट तालावर न बसण्याची अडचण बहुधा फ्रेमदराची, म्हणजे सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) दिसतात त्याची आहे. डीव्हीडीवरचं सेकंदाला २९.९७ फ्रेमचं चित्र आधी २३.९७६ वर आणा, नाहीतर कडांना कंगव्यासारख्या रेघा दिसतात. मिनिटाला १२० ठोके असतील, तर दर ठोक्याला १२ फ्रेम मोजा.