चाल माझी, कविता कोणाची?
गाणाऱ्या-लिहिणाऱ्या गिटारवादकांचे प्रश्न

स्वतः लिहून, चाल लावून, गिटार घेऊन गाणाऱ्या वाचकांच्या पत्रांतले सात प्रश्न या वेळी घेतले आहेत. हक्कांच्या प्रश्नाला मुद्दाम जास्त जागा दिली आहे, कारण तिथली चूक गाणं प्रसिद्ध झाल्यावर सहजासहजी निस्तरत नाही.

मराठी कवितांना चाली लावून मी गिटारवर गातो. आता ती गाणी यूट्यूबवर टाकायची आहेत. कवीचं नाव दिलं आणि ‘व्यावसायिक हेतू नाही’ असं लिहिलं की पुरतं ना? (नाशिक)

नाही पुरत. नाव देणं हा कवीचा वेगळा हक्क आहे, परवानगी ही वेगळी गोष्ट. आणि ‘व्यावसायिक हेतू नाही’ या ओळीने कायद्यापुढे काहीच बदलत नाही.

आधी कविता मुक्त आहे का ते पाहा. भारतात कवीच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो आणि ही वर्षं पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. मर्ढेकर १९५६ साली गेले, म्हणजे मोजणी १ जानेवारी १९५७ पासून, आणि २०१६ सरताना त्यांच्या कविता मुक्त झाल्या. केशवसुत (१९०५) आणि बालकवी (१९१८) कधीचेच मुक्त आहेत. निधनानंतर पहिल्यांदा छापलेल्या लेखनाची ६० वर्षं मात्र प्रकाशनाच्या वर्षावरून मोजावी लागतात. बहिणाबाई १९५१ साली गेल्या, त्यांच्या कवितांचं पुस्तक १९५२ साली आलं, म्हणून तिथे २०१२ ची अखेर धरायची. गदिमा १९७७ साली गेले, म्हणजे २०३७ संपेपर्यंत परवानगी हवी. कुसुमाग्रजांच्या (१९९९) कवितांना २०५९ संपेपर्यंत.

संतांचे अभंग मुक्तच आहेत, पण फसगत तिथेच जास्त होते. तुकोबांचे शब्द मुक्त असले तरी रेडिओवर ऐकून पाठ झालेली चाल विसाव्या शतकातल्या संगीतकाराची असू शकते, आणि तिचा हक्क त्या संगीतकाराच्या निधनावरून वेगळा मोजला जातो. अभंग घ्या, चाल स्वतः बांधा.

परवानगी मागताना प्रकाशकाला पहिला प्रश्न हा विचारा: तुमच्याकडे फक्त पुस्तक छापण्याचा हक्क आहे, की संगीतबद्ध करण्याचाही? पुष्कळदा फक्त पुस्तकाचाच असतो आणि मग वारसांकडे जावं लागतं. पत्रात कवितेचं नाव, कोणती कडवी गाणार, एखादा शब्द बदलणार किंवा ओळ पुन्हा घेणार का, माध्यमं (स्ट्रीमिंग, व्हिडिओ, प्रत्यक्ष कार्यक्रम), मुदत, प्रदेश आणि उत्पन्नातला वाटा इतकं स्पष्ट लिहा. प्रदेश ‘संपूर्ण जग’ असाच लिहून घ्या. तो लिहिलेला नसेल तर कायदा भारतापुरताच धरतो, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ५ वर्षं धरतो. यूट्यूबवरचं गाणं पहिल्या दिवसापासून जगभर वाजतं, त्यामुळे हे दोन शब्द राहून गेले तर परवानगी असूनही अडचण होते.

एक स्टुडिओ माझी पाच गाणी ‘फुकट’ रेकॉर्ड करून द्यायला तयार आहे. सही करू का? (ठाणे)

कागद वाचल्याशिवाय नको. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. शब्द आणि चाल ही एक, आणि ध्वनिमुद्रण ही दुसरी. ध्वनिमुद्रणाचा मालक गायक नसतो. ज्याने पुढाकार घेऊन, जबाबदारी उचलून ते करवून घेतलं तो निर्माता, आणि मालक तोच. खर्च स्टुडिओने केला तर ती रेकॉर्डिंग बहुधा स्टुडिओची होणार. हे वाईटच असतं असं नाही, पण तो सौदा आहे, भेट नव्हे.

म्हणून कागदावर ही उत्तरं शोधा. मास्टर (मूळ ध्वनिमुद्रण) कोणाचा? किती वर्षांसाठी? तीच गाणी तुम्ही स्वतः पुन्हा रेकॉर्ड करू शकता का? प्रत्येक वाद्याच्या वेगळ्या फाइली तुम्हाला मिळणार का? हक्क घेऊन गाणी तशीच पडून राहिली तर? कायद्याप्रमाणे घेणाऱ्याने वर्षभरात हक्क वापरला नाही तर तो संपतो, पण करारात वेगळं लिहिलेलं असेल तर नाही. त्यामुळे नेमकं तेच कलम शोधा. शब्द आणि चाल यांच्या रॉयल्टीचा हक्क मात्र कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर कोणी लिहून घेऊ शकत नाही. तो फक्त वारसांकडे किंवा कॉपीराइट सोसायटीकडे सोपवता येतो. ‘सर्व रॉयल्टी कायमची सोडली’ अशी ओळ दिसली, तर समोरच्याला कायदा माहीत नाही किंवा तुम्हाला तो माहीत नसेल असं त्याने धरलं आहे.

स्वतः पैसे देऊन रेकॉर्ड करत असाल तर उलट बाजू सांभाळा. तबलजी, बासवादक, मिक्सिंग करणारा, प्रत्येकाकडून मानधन मिळाल्याची आणि मास्टर तुमचा असल्याची चार ओळींची सही त्याच दिवशी घ्या.

पहिलं गाणं सगळ्या अ‍ॅपवर एकाच वेळी आणायचं आहे. क्रम काय? (अमरावती)

तारीख ठरवण्याआधी तयारी पुरी करा. पक्की फाइल २४ बिटची वेव्ह ठेवा. स्पॉटिफाय गाण्यांचा आवाज साधारण उणे १४ एलयूएफएसला (ऐकू येणाऱ्या मोठेपणाचं माप) आणून वाजवतं. तुम्ही उणे ७ पर्यंत ठासून दिलात तर ते खाली ओढलं जातं आणि गिटारची मूळची उसळी तेवढी जाते. शिखर उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, कारण फाइल आकुंचित होताना तिथेच खरखर येते. मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेलचं चौकोनी करा, त्यावर फोन नंबर, वेबपत्ता, दुसऱ्या कंपनीचं चिन्ह नको. त्यामुळे गाणं परत येतं.

वितरक (तुमचं गाणं सगळ्या अ‍ॅपवर पोचवणारी कंपनी) निवडताना वार्षिक वर्गणी आहे की एकदाच पैसे आणि वर टक्केवारी, हे पाहा. वर्गणीवाल्यांकडे पैसे भरणं थांबलं की गाणं उतरू शकतं. प्रत्येक रेकॉर्डिंगला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी हा ओळख-क्रमांक मिळतो, तो वहीत लिहून ठेवा. पुढे वितरक बदलताना तोच क्रमांक दिला नाही तर ऐकल्याचे आकडे शून्यापासून सुरू होण्याची भीती असते. नवीन मिक्स किंवा अनप्लग्ड आवृत्तीला मात्र नवा क्रमांक घ्यायचा.

नावाचा घोळ सर्वांत जास्त होतो. कलाकाराचं रोमन स्पेलिंग दर वेळी अक्षरन्‌अक्षर तेच ठेवा, नाहीतर दुसरं गाणं नावबंधूच्या पानावर जाऊन बसतं. भाषेच्या रकान्यात मराठीच निवडा.

तारीख चार आठवडे पुढची घ्या. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं कलाकारांच्या पानावरून निदान ७ दिवस आधी पाठवावं लागतं, आणि प्रसिद्ध झालेलं गाणं तिथे पाठवताच येत नाही. ३० सेकंद ऐकलं तर एक वेळ मोजतात. मागच्या १२ महिन्यांत १००० वेळा ऐकलं गेलं नाही तर २०२४ पासून त्या गाण्याचे पैसेच धरत नाहीत. पाच गाणी एका दिवशी सोडण्यापेक्षा एकेक सोडण्यात अर्थ आहे तो म्हणूनच.

शब्द-चालीच्या रॉयल्टीसाठी आयपीआरएस या कॉपीराइट सोसायटीचं सभासदत्व घ्या आणि प्रत्येक गाणं तिथे नोंदवा. वितरक फक्त रेकॉर्डिंगचे पैसे आणतो, हे पुष्कळांना उशिरा कळतं. वितरक अमेरिकेतला असेल तर डब्ल्यू-८बेन हा तिथला कराचा अर्ज पॅन क्रमांकासह भरा. न भरल्यास तिथल्या उत्पन्नावर ३० टक्के कापले जातात, भारत-अमेरिका करविषयक कराराचा लाभ घेतल्यास कॉपीराइट रॉयल्टीवर १५.

एक इशारा: तयार लूप (विकत किंवा फुकट मिळणारे वाद्यांचे तुकडे) वापरून गाणं केलं असेल तर यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे गाणं ओळखून आपोआप दावा लावणाऱ्या यंत्रणेत, नोंदवू नका. तोच लूप शंभर जणांनी वापरलेला असतो. त्यांच्या व्हिडिओंवर तुमचा दावा लागतो, तुमच्यावर त्यांचा.

पावसाळ्यात माझ्या गिटारच्या तारा उंच होतात, बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून धरायचे) धरवत नाहीत. सॅडल घासून घेऊ का? (रत्नागिरी)

जुलैत घासू नका. (सॅडल म्हणजे तारा ज्या बारीक पट्टीवर टेकतात ती; ती ज्या लाकडात बसते तो ब्रिज.) सॉलिड स्प्रूसचं वरचं पान ओल शोषून रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं. ब्रिजच्या मागचं पोट वर येतं, त्याबरोबर सॅडल उचललं जातं आणि तारा उंच होतात. आता घासलंत तर डिसेंबरात पान पुन्हा बसेल आणि तारा फ्रेटवर खडखडतील.

आधी मोजा. बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालपर्यंत जाड ई तारेला साधारण २.४ मिमी, बारीक ईला १.८ मिमी असेल तर ठीक. जाड ईला ३ च्या वर गेली असेल तर उपाय हवा. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. कोकणात पावसात खोलीत ८० च्या पुढे जाते, म्हणून गिटार भिंतीला टांगू नका, कडक केसमध्ये ठेवा. आत एक छोटं आर्द्रतामापक आणि कापडी पिशवीत सिलिका जेल ठेवा. रंग बदलणारं जेल घेतलंत तर ते भरल्याचं कळतं, मग ओव्हनमध्ये ११० अंशांच्या आसपास दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरता येतं.

ट्रस रॉड फिरवून पोट खाली बसत नाही, तो फक्त मानेचा बाक बदलतो. तरीही कार्यक्रम चालू ठेवायचे असतील तर दुसरं, थोडं बुटकं सॅडल बनवून घ्या आणि जून ते सप्टेंबर ते लावा. सॅडल १ मिमीने कमी केलं की बाराव्या फ्रेटवर अर्धा मिमी उतरतो. खालच्या बाजूनेच आणि सपाट घासायचं. बूड वाकडं राहिलं तर खालच्या पिकअपवर सारखा दाब येत नाही आणि एखादी तार हळू वाजते. विदर्भातल्या वाचकांना एप्रिल-मेमध्ये नेमकं उलटं दिसेल: पान खोल जातं आणि फ्रेटची टोकं बोटांना बोचतात. तिथे केसमध्ये ओल द्यावी लागते.

चाली मी सी किंवा जीमध्ये बांधते, पण माझी पट्टी काळी चार आहे. सोबत पेटीही असते. (कोल्हापूर)

गळ्याला गिटारच्या सोयीत बसवू नका, कॅपो (मानेवर लावायचा चाप) त्यासाठीच आहे. काळी चार म्हणजे जी शार्प. जीच्या आकारांना कॅपो पहिल्या फ्रेटवर, किंवा ईच्या आकारांना चौथ्यावर. ईचे आकार घ्या असं आम्ही सुचवू, कारण जाडी तार मोकळी सोडली की षड्जच वाजत राहतो आणि तानपुऱ्यासारखा आधार मिळतो. मायनर चाल असली तरी तोच कॅपो चालतो. काळी एकवाल्यांनी सीचे आकार पहिल्या फ्रेटवर किंवा एचे चौथ्यावर घ्यावेत. काळी पाचवाल्यांनी जीचे तिसऱ्यावर.

कॅपो फ्रेटला अगदी लगटून लावा आणि तो लावल्यावरच पुन्हा सुरात घ्या, कारण दाबाने तारा चढतात. पेटी जुनी असेल तर ती ४४० हर्ट्झवर (सुराच्या प्रमाण आकड्यावर) कदाचित नसेल. ट्यूनरमधला मूळ आकडा ४४२, ४४५ असा वाढवत किंवा कमी करत पेटीचा स्वर काट्याच्या मधोमध आणा आणि त्या आकड्यावर गिटार लावा. पेटी बदलत नाही, तुम्ही बदला.

कॅफेत वाजवताना कधी घूंऽऽ असा आवाज येतो, कधी स्पीकर ओरडतो. (पणजी)

हे दोन वेगळे आजार आहेत. गिटारचा आवाज पूर्ण बंद करूनही घूं राहिला तर दोष केबल, डीआय बॉक्स (गिटार मिक्सरला जोडणारी डबी) किंवा अर्थिंगचा. डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून पाहा. प्लगची अर्थची पिन मात्र कधीही काढू किंवा कापू नका. एका हातात तारा आणि ओठ माइकला, अशा स्थितीत शॉक जिवावर बेततो. डीआयआधीची केबल ६ मीटरपेक्षा लांब नको. प्रीॲम्प नसलेल्या पिएझोला (सॅडलखालच्या पिकअपला) ॲक्टिव्ह डीआय लागतो, नाहीतर आवाज पातळ आणि पत्र्यासारखा येतो.

ओरडणं १०० ते २५० हर्ट्झमधलं, खोल असेल तर गिटारची पोकळीच घुमते आहे. साउंडहोलला रबरी झाकण लावा, फेजचं बटण बदलून पाहा, नॉचने तो एक स्वर कापा. माइक ओरडत असेल तर मॉनिटर (तुमच्याकडे तोंड असलेला स्पीकर) साध्या कार्डिऑइड माइकच्या बरोबर पाठीमागे ठेवा, तिथे तो सर्वांत कमी ऐकतो. ९ व्होल्टची बॅटरी कार्यक्रमाच्या दिवशी नवी घाला आणि मध्यंतरात जॅक काढून ठेवा. जॅक आत असेपर्यंत बॅटरी जळतच राहते. उघड्यावर वाजवत असाल तर शेवटचं गाणं रात्री १० च्या आत संपेल असा क्रम लावा.

माझे शब्द कागदावर बरे वाटतात, गाताना अर्थ बिघडतो. (न्यू जर्सी)

लांब स्वर कोणत्या अक्षरावर येतो ते तपासा. ‘दिन’ ताणला की ‘दीन’ होतो, ‘सुत’ ताणलं की ‘सूत’, ‘शिर’ ताणलं की ‘शीर’. समेवर आणि लांबणाऱ्या जागी मुळातच दीर्घ असलेलं अक्षर ठेवा. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा असतो. तो साचा आठ मात्रांच्या साध्या स्ट्रमवर लावून पाहा: सहा अक्षरांनंतर दोन मात्रा श्वासाला मिळतात, चौथ्या चरणानंतर चार. बदललेली ओळ आधी गिटारशिवाय, नुसत्या टाळीवर म्हणा. जीभ जिथे अडखळते तिथला शब्द बदला.